खोटी, पण तेव्हाचीच

कॉफीचा कप ती नोटांच्या टेबलावर कधी आणत नसे. पाकीट उघडण्याआधी हात धुवी आणि ॲप्रनला न पुसता वाऱ्यावर वाळवी. नोट आधी उलटी बघे, मग सुलटी. भिंगातून बघताना तोंड उघडं राही. एखादी नोट फारच फाटकी निघाली तर तिच्याशी बोले, "काय गं बाई, कुठं कुठं हिंडलीस?"

मेव्हिस ट्रेक्सलरनं पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावात जुन्या खुर्च्यांना चाळीस वर्षं नवं कापड चढवलं. नोटांचा नाद उशिरा लागला, आणि तोही उफराटा. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींच्या काळातल्या नोटा जमवणारे कोऱ्या करकरीत शोधतात. ही शिवलेल्या शोधी. त्या काळी नोट फाटली की लोक सुई-दोऱ्यानं शिवत आणि पुन्हा बाजारात नेत.

तिची सगळ्यांत लाडकी नोट खोटी होती. पेनसिल्व्हेनियाची, वीस शिलिंगांची, एकोणीस टाक्यांनी शिवलेली. कागदात खऱ्या नोटेसारखी अभ्रकाची चमक नाही. पाठीवरच्या पानाच्या शिरा खऱ्या पानाच्या ठशाच्या नाहीत, हातानं ओढलेल्या. 'नकली कराल तर मरण' हे खऱ्या नोटेवरचं वाक्यही त्या भामट्यानं इमानेइतबारे कोरलं होतं.

त्या काळातली खोटी नोट म्हणजे जमवणाऱ्यांना सोनं. नंतर कुणी गंमत म्हणून छापलेली, तर रद्दी. नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं, आणि काचेच्या पेटीत काय जायचं ते वेंडेल हाइम्बाख ठरवायचा. निवृत्त औषधवाला. त्याचा शब्द म्हणजे शिक्का.

"मेव्हिस," बैठकीत तो म्हणाला, "ही त्या काळानंतर शंभर वर्षांनी छापलेली. जत्रेतलं खेळणं."

"आणि हे टाके?"

"घातले असतील कुणी हौशीनं, जुनी दिसावी म्हणून. दोरा काप. शिवणीखालचा कागद बघू."

"आधी तुझ्या अपेंडिक्सचे टाके उसवून बघू या का?"

मंडळाची बैठक भरे ते चर्चचं तळघर हसलं. वेंडेल हसला नाही.

"पुरावा आण. मग जागा देतो."

पुढच्या बैठकीला ती नोट घेऊन आली, आणि सोबत एका जुन्या खुर्चीच्या अस्तराची पट्टी. ती खुर्ची नक्की वसाहतींच्या काळातली होती.

"बघ. दोरा घरी कातलेला. मधेच जाड, मधेच बारीक. हा आणि खुर्चीतला, सख्खे भाऊ."

"जुना दोरा कुठंही मिळतो, मेव्हिस."

"मिळतो ना. आता घडी बघ. शिवणीवरून गेलीय. तिथं दोरा झिजून चपटा झालाय. त्याच्याखाली डोकावते ती शाई काळीभोर, बाहेरची फिकी. म्हणजे शिवल्यावरही ही नोट शेकडो वेळा दुमडली, उलगडली. खेळणं कुणी इतकं वापरतं होय?"

वेंडेलनं भिंग घेतलं. त्याच्यापुढचा डोनट तसाच राहिला.

"शिवणारीला कळलंच नाही रे, खोटी आहे ते," मेव्हिस हळूच म्हणाली. "खरी समजून शिवली. आणि चालवली बघ तिनं!"

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. खिशातून पेन काढून चिठ्ठी लिहिली : खोटी. तेव्हाचीच. मेव्हिस ट्रेक्सलर यांना सापडली.

"सापडली नाही," ती म्हणाली. "ओळखली."

त्यानं चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. मेव्हिसनं ती दोनदा वाचली. मग त्याचा डोनट उचलून खाल्ला.

प्रदर्शन शनिवारी उघडलं. पेटीच्या मधोमध ती नोट होती. मेव्हिस गुरुवारीच गेली होती, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या.

शेवटच्या दिवसांत तिच्या मनानं एक घेतलं होतं. टाके उलटे कललेले होते. शिवणारी डावखुरी असावी. तसे टाके असलेली दुसरी नोट शोधायची, तर आधी तो हात कळायला हवा. म्हणून ती स्वतः डाव्या हातानं तेच टाके कापडावर घालून बघत होती.

कापड टेबलावर आहे. एकोणीसपैकी सात टाके झालेत. आठव्यासाठी सुई आत गेली आहे, बाहेर आलेली नाही.