लेकीचा बैल

वडशाच्या बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानाला दोन बाजू आहेत. कोणती कोणाची, हे पाटी न वाचताही कळतं. डावीकडे ट्रॅक्टर, ट्रक, बंदुका. उजवीकडे सगळं इतकं गुलाबी की डोळे दुखावेत. पोळ्याच्या आठवड्यात डावीकडेच चाकांवरचे लाकडी बैल मांडतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो. दोरीने हे बैल ओढत लेकरं चौकात जमतात.

माझी लेक दुसरीत होती आणि तिला बैल हवा होता. आमच्या मोहल्ल्यात बैल पोरं न्यायची, पोरी नटूनथटून वेशभूषेच्या स्पर्धेत उभ्या राहायच्या. असा नियम कोणी केलेला नव्हता, पण मोडलाही नव्हता कोणी.

"बाई, पोरीसाठी हे पाहा, नवीन माल आला," म्हणत दुकानदाराने एक गुलाबी गाय काढली. लांब पापण्या, गळ्यात मोत्यांची माळ. कळ दाबली की हंबरायची, तेही लाडालाडात.

"हे नांगर वढते का?" लेकीने विचारलं.

"गाय काऊन नांगर वढन, बाप्पा?"

"मंग मले बैलच पायजे."

मला हसू आलं आणि रागही आला. नवरा राइस मिलमध्ये, त्यामुळे धानाची शेती मीच पाहते. बैलांचं चारापाणी, त्यांना धुणं, सगळं माझ्याच माथी. खरा बैल बाईने सांभाळला तर चालतो, लाकडाचा मात्र पोराचाच! मी म्हटलं, "भाऊ, तो डावीकडचा पांढरा द्या."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या बैलांची खांदशेकणी केली. जू वाहून थकलेले खांदे शेकायचे, तूप-हळदीने चोळायचे, ही आमच्याकडची रीत. मला वाटलं, लेक नुसती बघत बसलीय. तिने उरलेली वाटी उचलली आणि लाकडी बैलाचेही खांदे मन लावून चोळले. वरून गरम पाण्याने शेकले. दुकानातला पांढरा रंग सुटला, हळद आत मुरली आणि बैलाला चक्क कावीळ झाली. मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "आता त्याचा खांदा नाई दुखनार."

तान्ह्या पोळ्याला चौकात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. त्याखाली चकचकीत बैलांची रांग आणि मध्येच आमचा पिवळा. माइक त्या दुकानदाराच्याच हातात होता. मोहल्ल्याचा पोळा तोच भरवतो. "पोरीहो, तुमची वेशभूषा मंग आहे, आता बाजूले व्हा," तो म्हणाला. रांगेत पोरगी होती एकच. ती हलली नाही. तिने दोरी मुठीला गुंडाळून घेतली. तिला बाहेर काढलं असतं तर पुन्हा तिने काही मागितलं नसतं, मी तिला ओळखते. मी भांडायच्या तयारीनेच पुढे निघाले.

तेवढ्यात तो वाकून बैल पाहू लागला. बोटाला हळद लागली. "खांदशेकनी केली याची?"

"हो. बाकीच्याची काऊन नाई केली कोनी?"

माइक चालूच होता. सगळा चौक हसला आणि तोही हसला. "राहू द्या मंग या पोट्टीले," तो म्हणाला.

पहिलं बक्षीस एका भल्यामोठ्या बैलाला गेलं. बाकी सगळ्यांसाठी दुकानातून दोन पोती आली होती: बैलवाल्यांना ट्रक, वेशभूषेला भातुकली. लेकीपाशी आल्यावर दुकानदाराचा हात दोन पोत्यांच्या मध्ये अडकला. शेवटी त्याने विचारलं, "तुले का पायजे?"

"ट्रक."

तिच्या मागे स्टेशनजवळच्या हॉटेलवाल्याचा पोरगा उभा होता. तो हळूच म्हणाला, "मले भातुकली पायजे."

पोरं खिदळली. त्याचा बाप गर्दीतच होता, दिवसभर भजी-पोहे करणारा माणूस. तिथूनच ओरडला, "देऊन टाका न भाऊ! हाटेलात मी बी त कढईच धरतो."

दुकानदाराने भातुकली दिली. मग रांगेतल्या प्रत्येकाला आणि वेशभूषेच्या पोरींनाही तो विचारत गेला, "तुले का पायजे?" पोती उलटीपालटी झाली, खूप वेळ गेला, कोणी कुरकुरलंसुद्धा. मला लहानपणी हे कोणी विचारलं नव्हतं. चौकात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले.