औषधाबरोबर आलेली चाल

कुठलीही गोष्ट मुळापासून विचारायची मला खोड आहे. या खोडीने मला आयुष्यात सुख कमीच दिलं, आणि त्या वर्षी तर तिने माझा जीव टांगणीला लावला.

वसमतला तेव्हा निजामाचा अंमल होता. गावाच्या टोकाला मिशनचा दवाखाना, आणि तिथे अमेरिकेहून आलेल्या एक नर्सबाई. आम्ही त्यांना मडमबाई म्हणायचो. लेकराला औषध पाजताना त्या त्याला मांडीवर घेत आणि आपल्या मुलखातलं एक गाणं हळू आवाजात म्हणत. लेकरू गप्प व्हायचं, औषध पोटात जायचं. आमच्या गल्लीतल्या बायकांनी यावरून असं धरलं, की गाणं हाही औषधाचाच भाग आहे. मग घरी बाटली आली की चालही यायची. एकीच्या लेकराची पोटदुखी थांबेना, तर शेजारणीने औषध किती दिलं ते विचारलंच नाही. "चाल बराबर म्हणलीस का?" एवढंच विचारलं.

इंग्रजी शब्द कुणालाच येत नव्हते, म्हणून बायकांनी आपले घातले. राघू आला, मैना आली, मामाच्या घरचं झबलं आलं. मुसलमान शेजारणींनी ती चाल आपल्या बोलीत घेतली. दोन-तीन वर्षांत बारशाला तीच चाल, हळद शिजवायच्या कढईखाली जाळ घालतानाही तीच. अजूनही त्या भागात एखाद्या पाळण्याशी ती कानावर येते, आणि म्हणणारीला ती आपल्या आजोळची वाटते.

माझ्या अक्काची दोन लेकरं बारशाआधीच गेली होती. तिसऱ्या खेपेला दिवस राहिल्यापासून ती मडमबाईंकडे जायची आणि सोबतीला मी. मडमबाईंचा हात आणि ती चाल, या दोन गोष्टींवर तिचा सगळा भरवसा. पोटावर हात ठेवून ती दिवसभर गुणगुणत असे.

मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी मी बाळंतिणीचं औषध आणायला एकटी गेले आणि नको ते विचारून बसले. "बाई, तुमच्या त्या गाण्यात हाय तरी काय?"

मडमबाईंनी पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सरळ सांगितलं. त्यांच्याकडे डोंगरातल्या खाणकामगारांच्या वस्त्यांत ते गातात. रचलं कुणी, ठाऊक नाही. त्यांच्या आईने शेजारणीकडून घेतलं, शेजारणीने आणखी कुणाकडून. दर गावात एखादं कडवं वाढतं, एखादं गळतं. "एका आईचं मूल मरतं," त्या म्हणाल्या. "ती नदीकाठी बसून त्याला झोपवते. ते मेलं आहे, हे ती मानत नाही."

"मग लेकरांना काहून म्हणता?"

"मला माझ्या आईने हेच म्हणून झोपवलं."

त्यांच्यासाठी विषय संपला. मी मात्र घरी आले आणि मला एका जागी बसवेना. आत जायची, बाहेर यायची. दूध उतू गेलं, आईने दोनदा हटकलं. मडमबाईंचा राग आला, गल्लीचा आला, सगळ्यात जास्त माझ्या जिभेचा. सांगितलं तर अक्काचा आधार तुटणार. नाही सांगितलं तर उद्या ती आपल्या हाताने लेकराच्या उशाशी मरण गाणार. त्या काळात मला हे खरंच वाटत होतं.

बारशाला बायका जमल्या. वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्यावरून-खालून फिरवून झाला. आता अक्काने गायचं, तेवढ्यात मी तिला हाताला धरून माजघरात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना मीच रडत होते.

बाहेर बायका हाका मारत होत्या. अक्का म्हणाली, "माझ्या दोघांचं बारसंच झालं न्हाई. त्यांना कुणी काईच म्हणलं न्हाई गं."

पदराने तोंड पुसून ती बाहेर गेली. तिने ती चाल तीन वेळा म्हटली. बायकांना वाटलं, बाईला हौस आहे. पहिल्या दोन वेळा ती हात मांडीवर ठेवून, पाळण्याकडे न बघता गायली. तिसऱ्या वेळी तिने पाळण्याची दोरी हातात घेतली.