चकती नंबर पाच

मका पेरायला फार अक्कल लागत नाही, हे मी कुहीच्या माझ्या सासऱ्यांना समजावून सांगितलं, तेव्हा ते चाळीस वर्षं मका पेरत होते.

मी नागपूरला शाळेत गणित शिकवायचो. सत्तर-बहात्तरची गोष्ट. कामठीच्या एका भंगारवाल्याकडे मला मका पेरायचं जुनं यंत्र दिसलं. कुण्या गोऱ्या साहेबानं मागं टाकलेलं, लोखंडी, बैलांनी ओढायचं. वर बियाण्याचा डबा, डब्याच्या तळाशी फिरणारी चकती, चकतीच्या कडेला भोकं. एका भोकात एक दाणा बसतो, चकती फिरली की खाली पडतो. सोबत तारेत ओवलेल्या नऊ चकत्या होत्या, प्रत्येकीची भोकं वेगळी. बरोबर चकती निवडली की काम फत्ते.

मामाजींकडून (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) मूठभर बी मागवलं आणि आठ दिवस स्वयंपाकघरात चकत्या मांडून बसलो.

"पोळ्या लाटायले जागा द्या, मंग पेरा," बायको म्हणाली.

"तू चूप राह्य वं, हे शास्त्र आहे."

शेवटी नंबर पाच ठरली. तिच्यात एकेक दाणा पंगतीतल्या पाहुण्यासारखा आपापल्या पाटावर बसत होता. मी लगेच पत्र टाकलं: विहिरीजवळची दोन एकर अर्ध्या दिवसात पेरून देतो, फसलो तर पोळ्याला तोंड दाखवणार नाही. त्या दोन एकरांवर मामाजींच्या बैलांचा वर्षाचा चारा होता. पण नाही कोण म्हणणार? त्या घरात जावयाचा शब्द खोडायची पद्धतच नव्हती. एकदा मी कारल्याला दोडका म्हणालो, तर जेवण होईपर्यंत सगळे त्याला दोडकाच म्हणत होते. (मला कडू लागला, पण मीही बोललो नाही.)

पेरणीच्या दिवशी सासूबाईंनी टोपल्यात बी आणलं. ओलं, टपोरं.

"रातभर पाण्यात ठेवलं होतं जवाईबापू, आमची रीत हाये," मामाजी म्हणाले. "भिजलं म्हणजे लवकर उगवते. पण भोकात बसन का?"

"मामाजी, मी मोजून आणलंय."

"मंग बराबर हाये."

बैल निघाले. यंत्र असं सुरेख खडखडत होतं की मला भरून आलं. माझा साळा गजू मागून चालत पायानं माती उकरून पाहत होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, बी तं..."

"चूप राह्य गजू. जवाईबापू पेरून राहिले."

मला वाटलं, घरात शिस्त आहे.

दुपारपर्यंत दोन एकर उरकली. मी डब्याचं झाकण उघडलं तर बी जवळजवळ तेवढंच. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं, "पाहा, किती बचत."

"लय बचत," मामाजी म्हणाले. "असं यंत्र आमी पाह्यलंच नोतं."

मागून कुणी चकती बदलू नये म्हणून मी डब्याला कुलूप ठोकलं आणि किल्ली नागपूरला घेऊन आलो.

पोळ्याला गेलो तो शाळेतले दोन मास्तर सोबत घेऊनच. मका पुरुषभर उंच. बांधावर भुट्टे खात मी नंबर पाचवर तासभर बोललो. मामाजी मान हलवत होते. मास्तरांना चकती पाहायचीच होती. यंत्र गोठ्यात ठेवलं होतं; तिथं जाऊन मी ऐटीत डब्याचं कुलूप काढलं.

आत सगळं बी तसंच होतं. त्याला वीतभर कोंब फुटून, झाकणाला टेकून, वाकून, पिवळे पडून वाळले होते. फुगलेला एकही दाणा नंबर पाचच्या भोकात गेला नव्हता. मास्तर भुट्टा खायचे थांबले.

"मामाजी, मंग शेतात काय उगवलं?"

"दुसऱ्या दिवशी तिफणीनं पुन्हा पेरलं जी."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"जवायाले कसं सांगावं?" मामाजींनी डब्यात वाकून पाहिलं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "पण तुमची उगवण बी चांगलीच झाली होती. जागा तेवढी कमी पडली."

माझ्या हातचं आजवरचं तेवढंच एक पीक. त्याला जनावराची भीती नव्हती की चोराची; किल्ली माझ्याच खिशात होती.