वाया चाललेला विमा

आमच्या घरात एक नियम आहे आणि तो का, असं विचारायचं नाही: घरची असो की पैसे मोजून घेतलेली, कुठलीच वस्तू वाया घालवायची नाही. चोपड्यात, स्वतःची केळीची बाग असलेल्या घरात वाढले, पण धड केळं म्हणून कधी खाल्लं नाही मी! का? काळी पडलेली आधी संपवायची. ती संपेपर्यंत चांगलीही काळी पडतात!

असो. मी माती कशी खाल्ली ते ऐका.

जळगावात नवी नोकरी लागली. ऑफिसने पहिल्या दिवसापासून आरोग्य विमा दिला. माझा स्वतःचा जुना विमा संपायला अजून महिना होता. शहाण्या मुलीने गप्प बसावं ना? छे! आजोबांना, म्हणजे आमच्या आबांना, फोन करून ऐटीत सांगितलं, "महिनाभर माझे दोन-दोन विमे चालू आहेत!"

"मंग दुप्पट पैसे भेटतीन?"

"नाही हो आबा! बिल एक, पैसे एकदाच. समजा, उद्या माझं अपेंडिक्स काढलं. एका विम्यात खर्च बसला नाही, तर उरलेला दुसऱ्याकडे मागायचा. कळलं?"

"कळनं," आबा म्हणाले.

कसलं कळलंय! शनिवारी घरी गेले, तर दारात चपलांचा ढीग. आबांची बहीण, आमच्या अक्का, थर्मास धूत होत्या. शेजारच्या काकू शहाळं घेऊन हजर. माझी पिशवीसुद्धा भरलेली!

"कोण आजारी आहे?"

"तूच!" अक्का म्हणाल्या. "सोमवारी तुनं अपेंडिक्स काढानं शे."

"अहो, पण माझं पोट दुखत नाही!"

"आज नही दुखत. पुढच्या महिन्यात दुखलं तं? तवय एकच विमा राही!"

आबांनी गंभीरपणे मान डोलावली. "दोन्हींना पैसा भरेल शे. वाया जाऊ देवाना का? डॉक्टरले इचारी उनू. तो म्हणे, आणा पोरीला, तपासू."

"टॉन्सिलपण उरकून घे गं," काकूंनी सुचवलं. "परत परत कोण जातंय!"

बस! माझं डोकं फिरलं.

"नाही काढणार! अपेंडिक्स नाही, टॉन्सिल नाही, काहीच नाही! विमा वाया गेला तर पेढे वाटायचे असतात, आबा! मी म्हणजे काय टोपलीतलं काळं केळं आहे, उद्या वाया जाईल म्हणून आज संपवायला?"

थर्मासचं झाकण अक्कांच्या हातातच राहिलं. आबांना तोंडावर 'नाही' म्हणणारं त्या घरात आजवर कुणी जन्मलंच नव्हतं!

मी विजयी मुद्रेने खुर्चीत बसले. भूक लागलेलीच होती. समोरच्या टोपलीत हात घातला, वरची पिवळीधमक केळी बाजूला सारली, तळातून सगळ्यात काळं शोधून काढलं आणि सोलून तोंडात टाकलं.

आबा फक्त त्या सालीकडे बघत राहिले.