आत्याबाईंच्या माथी मारलेली मशेरी

मला मशेरी लावली ती माझ्या आईने. आम्ही देहूरोडला राहत होतो, वडील डेपोत हमालीला होते. मी अकरा-बारा वर्षांची असेन. दाढ ठणकत होती म्हणून आईने तव्यावर भाजून चुरलेली तंबाखू चिमटीत घेतली आणि माझ्या दाढेवर दाबली. डोकं गरगरलं, उलटी झाली, पण ठणका थांबला. दुसऱ्या दिवशी मीच तिच्यापुढे तळहात धरला. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या ओळीतल्या झाडून सगळ्या बायका सकाळी बोट काळं करून उंबऱ्यावर बसायच्या. आईला दोष द्यायला मी हे सांगत नाही. दोष द्यायची वेळ आली तेव्हा मी तो दुसऱ्याच बाईला दिला, आणि तेच सांगायचं आहे.

लग्न होऊन मी चिंचवडला चाळीत आले. नवरा आकुर्डीच्या एका कारखान्यात फिटर. मूळचे तळवड्याचे, तिथे थोडं शेत, घर आणि एकटी आई. सासरे माझ्या लग्नाआधीच तोंडाच्या दुखण्याने गेले होते. जन्मभर ज्या गालात तंबाखू धरली त्या गालाला भोक पडलं, प्यालेलं पाणी बाहेर यायचं. तेव्हापासून त्या घरात तंबाखूचं पान शिरलं नव्हतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. कामाला आलेल्या बायकांनाही त्या सांगायच्या, "बांधावर जाऊन लावा. माझ्या दारात न्हाई."

बघायला आले तेव्हाच नवऱ्याने मला विचारलं होतं. मी म्हटलं, "लावत होते. आता सोडली."

सोडली नव्हती. सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही, पण तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला यायचं, हात कापायचे, भांडी आदळली जायची. मग ते पहिल्या पाळीला गेले की मी मोरीत बसायची. डबी राखेच्या डब्यामागे असायची. भाजताना ठसका उठतो, वास चाळभर होतो, म्हणून भाजायला एका शेजारणीकडे जायची. नंतर मिठाने दात घासून, वेलदोडा चघळून बाहेर यायची. दहा-अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

मुलगी चौथीत असताना एका रविवारी तिची दाढ दुखायला लागली. कामगारांचा दवाखाना बंद होता. पोरगी गाल धरून लोळत होती. मी दार लावलं आणि आईने केलं होतं तेच केलं. तिलाही उलटी झाली, तिचाही ठणका थांबला. "बाबांना सांगायचं नाही हं," एवढंच मी तिला म्हटलं.

दवाखान्यातून औषध आणलं, दाढ दुखायची थांबली. पण चार दिवसांनी ती मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, थोडी दे ना."

मी दिली. इथे मला कुणाचा आडोसा घेता येत नाही. दुखत नव्हतं हे मला कळत होतं. तरी दिली, कारण मला बरं वाटलं. इतकी वर्षं चोरून एकटीने बसायचं, आता कुणी तरी शेजारी होतं. शाळेत जायच्या आधी आम्ही मायलेकी मोरीच्या कठड्यावर बसायचो आणि हसायचो. ती महिनाभरात पक्की झाली. मिळाली नाही की चिडायची, जेवायची नाही.

तिच्या बाईंना कंपासपेटीत पुडी सापडली. त्यांनी वडिलांना बोलावणं धाडलं. नवऱ्याची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी तेच शाळेत गेले. परत आले ते पोरीचं मनगट धरून. पुडी माझ्यापुढे टाकली.

"हे कुठनं आलं?"

माझ्या तोंडाला तेव्हाही वास असेल. मी दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "सुट्टीत तळवड्याला होती ना आजीकडे. तिथनंच लागली असेल." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मी पोरीकडे वळले. "हो ना गं? आजीनंच दिली ना?"

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. मी मान हलवली, अगदी थोडी.

"हो," ती म्हणाली.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. आम्ही तिघं तळवड्याला गेलो. आत्याबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. नातीला बघून हात झटकून उठल्या. नवऱ्याने त्यांना बसूही दिलं नाही.

"आये, पोरीला मशेरी तू दिलीस?"

"मी?" त्या हसल्याच. "खुळा का काय तू?"

"मग ही खोटं बोलती?" त्यांनी पोरीला पुढे ओढलं. "बोल! कुणी दिली?" पोरीच्या तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी हात उगारला.

आत्याबाईंनी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पदराने तोंड झाकून उभी होते.

"मारू नगं तिला," त्या म्हणाल्या. "व्हय, म्याच दिली."

नवऱ्याचा हात खाली आला. "बाबांचं तोंड विसरलीस, आये?" एवढंच म्हणाले, आणि आम्हाला घेऊन निघाले.

त्यानंतर पोरीचं तळवड्याला जाणं बंद झालं. आत्याबाई ओळखीच्या माणसाबरोबर ओल्या हरभऱ्याचा ढाळा पाठवायच्या, तो दारात सुकायचा. पोरीने मशेरी आपली आपण सोडली. आठ दिवस चिडचिड करत होती, पण पुन्हा तळहात पुढे केला नाही. माझ्याजवळ मोरीत येऊन बसणंही सोडलं. मी मात्र लावत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात चाकणजवळ नवऱ्याच्या मामेभावाचं लग्न होतं. तेव्हा रागाच्या भरात नवऱ्याने मामाला सगळं सांगितलं होतं आणि मामाकडून ते नात्यागोत्यात पसरलं होतं. बायकांच्या बैठकीत मशेरीची डबी फिरत होती. ती आत्याबाईंपाशी आली तेव्हा एकीने कोपरखळी मारली, "घ्या की म्हातारे. नातीला चालती, तुमाला का न्हाई?" बायका फिसकन हसल्या. आत्याबाईंनी डबी हातात घेतली, क्षणभर धरली आणि काही न बोलता पुढे दिली. पुढे मी बसले होते.

त्या हसण्याने मी मेल्याहून मेले. आणि त्याच वेळी माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. दुपारी मी मांडवामागे जाऊन त्याच बाईकडून चिमूटभर मागून घेतली. हिरड्यांवर बोट फिरवताना मला रडू फुटलं. बोट मात्र थांबलं नाही.

तोंड न धुताच मी नवऱ्याला शोधलं. ते पाण्याच्या पिंपापाशी उभे होते. मी मशेरीने काळे झालेले दात दाखवले.

"अहो, आत्याबाईंनी नाही दिली. मी दिली. मी कधी सोडलीच नव्हती."

त्यांनी मग विचारलं, "हो म्हण म्हणून पोरीला तूच शिकवलंस?"

"हो."

ते वळून बायकांच्या बैठकीत गेले आणि सगळ्यांदेखत आईच्या पायांवर डोकं ठेवलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी आत्याबाई आमच्याबरोबर चिंचवडला आल्या, महिनाभर राहिल्या. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

एका सकाळी मी आत्याबाईंना विचारलं, "तुम्ही का ओढवून घेतलंत?"

त्या तांदूळ निवडत होत्या. "त्यानं हात उगारला हुता. मधी पडायला दुसरं काय बोलनार हुते मी?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "पन तू बोलशील आसं वाटलं हुतं मला. तवाच."

माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. दोन-तीन वर्षांनी त्या गेल्या.

मशेरी सुटली ती नंतर, गालात पांढरा चट्टा उठला तेव्हा. डॉक्टरांनी आरसा धरून दाखवला. भीतीने सुटली, लाजेने नाही. लाज तर कितीतरी आधीपासून होती.

मुलगी अठराची झाल्यावर एकदा आम्ही दोघी कपडे वाळत घालत होतो. मी मध्येच थांबून तिला म्हटलं, "तुला मी ते लावलं, त्याचं मला फार वाईट वाटतं."

"मशेरीचा राग नाही गं मला," ती म्हणाली. "तुझ्याजवळ बसायला मिळायचं, मला आवडायचं." तिने चादर झटकली. "पण आजी हो म्हणाली आणि मी गप्प उभी राहिले. ते माझंय. ते तू नको घेऊस."

मी तिला खूप सांगितलं की तू लहान होतीस, ते सगळं माझंच आहे. तिने ऐकून घेतलं. पटलं नाही तिला.