गोपाळरावांचं कडं

स्टेशनात गाडी घडीभर थांबते, किस्से मात्र मुक्कामालाच येतात! साठ सालच्या आसपास मी डहाणूला पार्सल क्लार्क होतो. तिथले निम्मे किस्से एकट्या गोपाळरावांचे. ते आमचे केबिनमन, लिव्हर ओढून रूळ आणि सिग्नल बदलणारे. फार भला माणूस!

*

केबिनच्या भिंतीवर रुळांचा मोठा बोर्ड होता. कुठल्याच लिव्हरला हात लावला नसेल तेव्हा लाइन कशी असते, ते त्यावर रंगवलेलं. एकदा सायडिंगला, म्हणजे बाजूच्या जोडरुळावर, वॅगन उभी होती. लक्षात राहावं म्हणून गोपाळरावांनी बोर्डावर खडूनं फुली मारली. वॅगन गेली, फुली राहिली! ती बघून पुढच्या पाळीच्या माणसानं सायडिंग दिवसभर बंद ठेवलं. बाहेर वॅगनीत अडकलेले आमचे पार्सलचे चिकू पिकून घमघमायला लागले.

स्टेशनमास्तर देसाईसाहेब भडकले. "अरे भाई, बोर्ड म्हणजे नेहमीचं! आत्ताचं त्याच्यावर लिहायचं नाय!"

आत्ताच्यासाठी लोखंडी कडं होतं. लाइनवर गाडी उभी असली की लिव्हरवर कडं चढवायचं. म्हणजे इथं कुणीतरी आहे, हात लावू नको. गाडी गेली की काढायचं. गोपाळराव पुन्हा कधी चुकले नाहीत.

*

धडा अंगात इतका मुरला, की डॉक्टरांनी "तब्येत कशी?" विचारलं तर म्हणाले, "नेहमीची उत्तम. आत्ताची म्हणाल तर ताप आहे!"

*

मग घरात भांडण झालं. गोपाळराव रागाच्या भरात "जा" म्हणाले आणि सुमतीवहिनी खरंच चिंचणीला माहेरी गेल्या. पावसाळा सरला तरी परत नाहीत. एकानं तोंडावर विचारलं, "बायको सोडून गेली ना?"

"छे! बायको घरी असते," गोपाळराव म्हणाले. "आत्ता चिंचणीला आहे."

*

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. बोंबलाचं कालवण स्वतः केलेलं. मी पाटावर बसणार तोच त्यांनी माझा दंड धरला.

"त्यावर नको. तिचा आहे."

रिकाम्या पाटावर कडं ठेवलेलं! रेल्वेचं नव्हे हो, लोहाराकडून मुद्दाम करवून घेतलेलं. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. मी जमिनीवर बसलो.

*

आणि एका दुपारी मी केबिनमध्ये असताना जिना वाजला. वहिनी! एस.टी.तून उतरून घरी जाऊन आलेल्या, हातात ते कडं. समोरून गाडी येत होती. गोपाळरावांचे दोन्ही हात लिव्हरवर, मागं वळायची सोय नाही.

"अहो, माझ्या पाटावर हे काय ठेवलंय? कोण बसतं तिथं?"

गाडी धडधडत निघून गेली. तरी ते वळले नाहीत.

"तू," गोपाळराव म्हणाले.