तेच तीनदा विचारणारा

"आजी, तुम्ही मयत आहात. पेन्शन बंद," कचेरीतला कारकून म्हणाला.

"मंग तुज्याशी बोलते ती कोन हाय, मेल्या?"

माझ्यामागे तो उभा होता, देशोदेशीच्या निराधार योजना ताडून बघणारा संशोधक. नवापूरच्या बाजारात माझ्या सुकटीच्या, म्हणजे सुक्या मासळीच्या, पाटीपाशी रुमालाने नाक दाबून बसायचा आणि एकच प्रश्न तीनदा फिरवून विचारायचा. मला वाटे, याला ऐकू येत नाही.

त्याने वही उघडली. मान वर न करता कारकुनाला माझं मरण तीनदा विचारलं. कारकुनाच्या उत्तरांत आधी मी तापाने मेले, मग बुडून, शेवटी साप चावून. संशोधकाने तिन्ही उत्तरं लिहून घेतली आणि वही पुढे सरकवली. "सही करा."

कारकुनाने मयतांची यादीच फाडली.

तिच्यात माझ्यासकट चार बाया मयत होत्या. आम्ही चौघी अजून सुकट विकतो.